रेडिओतलं न ऐकता करायचं काम

ऑक्टोबर २००८, नवरात्रीचा पाचवा दिवस. त्या सकाळी माझ्यासमोर काम होतं ते जिग्नेशच्या कायम नेमणुकीचं पत्र तयार करून ठेवण्याचं. त्याची सहा महिन्यांची उमेदवारी संपत आली होती. स्टेशन हेडनं होकार दिला होता. फक्त माझी सही बाकी होती, ती जेवणानंतर करू म्हणून मी पत्र फायलीत ठेवलं. ते पत्र त्या दिवशी फायलीतच राहिलं.

बडोद्याच्या एका खासगी एफएम स्टेशनात मी माणसं नेमण्याचं काम करत असे. स्टेशनचं नाव सांगत नाही, आणि खाली येणारी माणसांची नावंही बदलली आहेत, कारण ती अजून याच धंद्यात आहेत. त्याआधी मी बरीच वर्षं वाघोडियाच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात हेच काम केलं होतं. दोन्हींत फरक एवढाच, की कारखान्याला फिटर हवा असला तर फिटर येतो. रेडिओला हिशेबनीस हवा असला तरी गाणारा येतो.

हे मी गमतीनं म्हणत नाही. नवीन असताना आम्ही आमच्याच स्टेशनवरून जाहीर केलं, की अकाउंट्ससाठी माणूस हवा आहे, अर्ज पाठवा. पाकिटं आली, त्यांत कागद कमी आणि कॅसेट जास्त. एका बाईंनी आपलं शिक्षण आणि अनुभव यमक जुळवून म्हटला होता, मागे कुकरच्या शिट्ट्या होत्या. प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपमधून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांनी फलाटावरच्या घोषणांच्या थाटात एका लाइनवरची सगळी स्टेशनं ओळीनं म्हणून दाखवली होती, आणि शेवटी आवाज उतरवून सांगितलं होतं, ‘हिशेब पण आवडे छे.’ हिशेब पण येतो. त्यांना मी बोलावलं होतं. हिशेब येत नव्हता.

मुंबईच्या हेड ऑफिसकडून दरवर्षी एक पोस्टर येई. जात, धर्म, स्त्री-पुरुष, अपंगत्व यांवरून नेमणुकीत भेद केला जाणार नाही, असं त्यावर इंग्रजीत लिहिलेलं असे आणि खाली हसरे चेहरे. पोस्टर पाणी पिण्याच्या मशीनवर लावलेलं होतं. त्याखाली पाणी पिणाऱ्यांतले बहुतेक जण दोन-तीन कॉलेजांतले आणि एकाच गरबा मंडळातले होते. यात कोणाचा कावा नव्हता. एकाला नोकरी लागली, त्यानं मित्राला आणलं, मित्रानं बहिणीला आणलं. आमच्या मराठी घरांतही तेच चाले. आमचे पूर्वज संस्थानच्या फौजेत होते आणि नात्यागोत्यातला माणूस पुढे करायची सवय फौजेबरोबर संपलेली नाही. माझे एक काका मला म्हणाले, “तिथं बसून आपल्या एका पोराचं काम तुझ्यानं होत नाही, तर बसतेस कशाला?”

“पगार मिळतो म्हणून,” मी म्हटलं. काका दोन दिवाळ्या माझ्याकडे फिरकले नाहीत.

पोस्टर बदलणं माझ्या हातात नव्हतं, पण जागा रिकामी असल्याची बातमी कुठे पोचवायची हे होतं. म्हणून मी कॉलेजांमधून आणि आयटीआयमधून जायला लागले. एक टेबल, दोन खुर्च्या, एक बॅनर. रेडिओत कोणकोणती कामं असतात ते सांगायचं, प्रश्नांना उत्तरं द्यायची, अर्ज घ्यायचे. वाघोडियाला एका मुलीचे वडील टेबलाशी आले. संध्याकाळची पाळी नऊला सुटते हे ऐकून ते म्हणाले, मुलीला पाठवणं शक्य नाही. मी विचारलं, “नवरात्रीत किती वाजता घरी येते?”

“दोन वाजता. पण ते वेगळं, बेन. तेव्हा सगळं गाव रस्त्यावर असतं.”

त्यांचं म्हणणं मला पटलं. त्यांची अडचण नऊ वाजण्याची नव्हती, एकटीनं येण्याची होती. परत आल्यावर मी संध्याकाळच्या पाळीला गाडी लावून घेतली. पोस्टरपेक्षा त्या गाडीनं जास्त मुली आणल्या.

जिग्नेश भेटला तो बडोद्याजवळच्या पादरा गावातल्या कॉलेजात. माझं भाषण ठरलेलं असे. रेडिओत बोलणाऱ्यांपेक्षा न बोलणारी माणसं जास्त लागतात, हे मी त्यात ठासून सांगे, कारण सगळ्यांना माइकसमोरच बसायचं असतं. भाषण संपलं, मुलं पांगली आणि एक मुलगी टेबलाशी आली. तिच्यामागे तिच्याहून थोडा मोठा एक मुलगा. ती म्हणाली, “मी हेतल. हा माझा भाऊ जिग्नेश. तो विचारतो, न बोलणारी माणसं लागतात ते कळलं. न ऐकणारी लागतात का?”

थट्टा चालली आहे का, ते बघायला मी मान वर केली. थट्टा नव्हती. लहानपणी तापात त्याचे कान गेले होते. हेतल हातांनी खुणा करून त्याला माझं भाषण सांगत होती, आणि त्यातला कच्चा धागा त्यानं बरोबर पकडला होता. कॉमर्सची पदवी होती. पादऱ्याच्या बाजारात एका व्यापाऱ्याकडे कॉम्प्युटरवर बिलं चढवत होता.

“अर्ज भरून ठेव,” मी म्हटलं. “विचार करून कळवते.”

त्यानं हेतलकडे पाहून हात हलवले. ती ओशाळून म्हणाली, “तो म्हणतो, सगळे असंच सांगतात.”

मी परत बसले आणि तिथंच विचार केला.

आता थोडं धंद्याबद्दल. रेडिओ गाण्यांवर चालतो असं ऐकणाऱ्यांना वाटतं. तो चालतो दोन गाण्यांच्या मधल्या जाहिरातींवर. कोणती जाहिरात कोणत्या तासाला, कोणत्या ब्रेकमध्ये, कोणाच्या मागे लागायची याचं रोजचं वेळापत्रक एक माणूस कॉम्प्युटरवर बनवतो. दोन साडीवाले एका ब्रेकमध्ये आणायचे नाहीत. हॉस्पिटलच्या जाहिरातीला लागून मिठाईवाला घ्यायचा नाही. ज्यानं सकाळी आठची वेळ घेतली आहे त्याला आठच द्यायचे. आमच्याकडे या कामाला ट्रॅफिक म्हणतात. दिवसभर खुर्ची सोडता येत नाही आणि नजर पडद्यावरून हलवता येत नाही. कान फक्त एकदाच लागतो. नवी जाहिरात आली की ती ऐकून बघावी लागते, की नावाखाली भलतंच काही आलेलं नाही ना. हे ऐकण्याचं काम दुसऱ्याकडे दिलं, तर उरलेल्या कामात ऐकण्यासारखं काही नव्हतं. ट्रॅफिकची जागा रिकामीच होती.

ऑफिसात मी हे मांडलं तेव्हा जाहिरात विभागाचे प्रमुख तुषारभाई खुर्चीत मागे रेलले. तुषारभाई चांगला माणूस. गिऱ्हाइकाशी बोलताना मधाळ, ऑफिसात तिखट.

“वाह, मोहितेबेन. रेडिओत बहिरा. उद्या सिनेमाच्या तिकीट खिडकीवर आंधळा बसवा.”

“बसवता येईल,” मी म्हटलं. “तिकीट खिडकीतून सिनेमा तसाही कोणाला दिसत नाही.”

सगळ्या उमेदवारांना एकच परीक्षा दिली. एका दिवसाच्या जाहिराती आणि नियम हातात ठेवले आणि वेळापत्रक करायला सांगितलं. जिग्नेश दुसरा आला. पहिला आलेल्या मुलाला बँकेत नोकरी लागली, म्हणून जागा जिग्नेशला मिळाली. मुंबईला मी हे जसंच्या तसं कळवलं. त्यांना ते फारसं आवडलं नाही. तो पहिला आला असता तर सांगायला बरं पडलं असतं.

पहिल्या महिन्यात लोक त्याच्याशी मोठ्यानं बोलत. ते थांबलं. मग चिठ्ठ्या लिहू लागले, मग चार खुणा शिकले, त्यांतल्या दोन असभ्य होत्या. माइकवर बोलणाऱ्या मुलांचा तो विशेष लाडका झाला, कारण त्यांच्या आवाजाबद्दल मत नसलेला ऑफिसातला तो एकटाच माणूस होता. मी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, त्याला वेगळं वागवू नका. सप्टेंबरात मुंबईहून आमच्या अंतर्गत मासिकासाठी त्याचा फोटो काढायला एक जण आला. त्यानं जिग्नेशच्या कानांवर हेडफोन चढवला. रेडिओसारखं दिसायला हवं म्हणाला. जिग्नेश हसून हसून हलायला लागला, म्हणून पहिले काही फोटो वाया गेले.

तर नवरात्रीचा पाचवा दिवस.

चणिया-चोळीचे एक व्यापारी होते, कांतिभाई. नवरात्र म्हणजे त्यांचं वर्ष. बडोद्यातल्या दुकानदारांना आपली जाहिरात आपल्याच आवाजात करायची भारी हौस. कांतिभाईंनी तर आमच्या बोलणाऱ्यांना साफ नाही सांगितलं आणि स्वतः माइकसमोर बसून बोलले. ‘आवो बेन, जोईने तो जाव. लेवुं ना लेवुं तमारी मरजी.’ या ताई, बघून तर जा, घ्यायचं की नाही ती तुमची मर्जी. खरं सांगायचं तर आमच्यातल्या कोणालाही ते तितकं चांगलं जमलं नसतं. दर तासाला ती जाहिरात लागे आणि रिक्षावालेसुद्धा तिची नक्कल करत.

त्या सकाळी कांतिभाई दुकान उघडायला निघाले आणि जिन्यातच कोसळले. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं. दुपारपर्यंत नातेवाईक घरी जमले. बायका आतल्या खोलीत कांतिभाईंच्या पत्नीजवळ बसल्या होत्या. आणि शेजारच्या इमारतीत कोणीतरी रेडिओ लावलेला होता.

आमच्या ऑफिसात ती जेवणाची वेळ होती. त्या वेळी जागेवर तिघेच होते. स्टुडिओत बोलणारी मुलगी, ट्रॅफिकच्या खोलीत जिग्नेश आणि माझ्या केबिनमध्ये मी. बाकी सगळे गच्चीवर डबे उघडून बसले होते. रिसेप्शनिस्ट मधूनमधून खाली येऊन आलेले फोन जोडून देत होती आणि पुन्हा वर जात होती. तुषारभाई एका हॉटेलात गिऱ्हाइकाबरोबर होते, मोबाइल बंद ठेवून.

जिन्यावरून धावत कोणीतरी आलं आणि माझ्या दारात एक तरुण उभा राहिला. पायांत चपला नव्हत्या. स्कूटरची किल्ली मुठीत. तो कांतिभाईंचा पुतण्या, पराग.

“बंद करो,” तो म्हणाला. “काकांना जाऊन चार तास झाले. काकी आत बसली आहे आणि काका बोलवतायत, आवो बेन म्हणून. तीनदा झालं. तीनदा.”

मी त्याला तिथंच सोडून स्टुडिओत गेले. पुढच्या ब्रेकमध्ये ती जाहिरात होतीच. मुलीनं ती बटण दाबून काढली. मग जिग्नेशकडे गेले, कागदावर लिहिलं, ‘कांतिभाई वारले. त्यांची जाहिरात आत्ता सगळीकडून काढ.’ त्यानं वाचलं, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि कामाला लागला. काही मिनिटांत पुढच्या सगळ्या ब्रेकांतून कांतिभाई निघाले होते.

केबिनमध्ये परत आले तर पराग उभाच होता.

“फोन का नाही केलात?” मी विचारलं.

“फोन?” तो म्हणाला. “तुषारभाईंच्या कार्डावरच्या नंबरावर सतत लावतोय. वाजतो. कोणी उचलत नाही. तुमच्या रिसेप्शनवाल्या बाईनंही तिकडेच जोडून दिला. मला त्या माणसाचं नाव द्या, ज्यानं फोन उचलला नाही. नाव घेतल्याशिवाय मी घरी जाणार नाही.”

मी टेबलावरच्या फोनवरून तुषारभाईंचा अंतर्गत नंबर फिरवला. रिंग ऐकू आली, पण तुषारभाईंच्या केबिनमधून नाही. रिसीव्हर बाजूला ठेवून मी आवाजामागे गेले. जिग्नेशच्या कोपराशी असलेला फोन वाजत होता. तो पडद्यावर कांतिभाईंच्या रिकाम्या झालेल्या जागा भरत होता.

मला उलगडा झाला. आमच्या फोनची सोय अशी होती, की जागेवरून उठताना दोन आकडे दाबले की आपला फोन दुसऱ्याच्या टेबलावर वाजे. ऑफिसात पूर्वीपासून वहिवाट होती, की उठायचं तर फोन ट्रॅफिकवर वळवायचा, कारण तो माणूस खुर्ची सोडत नाही. जिग्नेशच्या आधी तिथं बसणारा मुलगा सगळ्यांचे निरोप घ्यायचा. मुलगा बदलला. वहिवाट तशीच चालू राहिली. एरवी तो फोन वाजला की येणारा-जाणारा कोणीतरी उचले, म्हणून कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं. त्या वेळी तुषारभाईंसकट चौघांचे फोन जिग्नेशच्या टेबलावर वळवलेले होते.

तुषारभाई आले तेव्हा बातमी त्यांना खालीच मिळाली होती. परागला केबिनमध्ये बसवून मी त्यांना ट्रॅफिकच्या खोलीबाहेर गाठलं. आमचं बोलणं गुजरातीत झालं, इथं मराठीत देते.

“मी पहिल्या दिवशीच म्हटलं होतं,” ते म्हणाले. “म्हटलं होतं की नाही? रेडिओत बहिरा माणूस.”

“तुमचा फोन कुठे वळवला होता?”

“ट्रॅफिकवर. नेहमी तिथंच वळवतो.”

“का?”

“तो बसलेलाच असतो ना तिथं.” मग कपाळावर हात ठेवून त्यांनी काचेतून आत पाहिलं. जिग्नेशची पाठ आमच्याकडे होती. “अरे,” ते हळू आवाजात म्हणाले. “लक्षातच नाही राहिलं.”

तुषारभाई खोटं बोलत नव्हते. हेच तुषारभाई रोज त्याच्याशी खुणांनी भांडत होते, वेळा मागून घेत होते, चहा पाठवत होते. त्याला ऐकू येत नाही हे त्यांना माहीत होतं आणि तरी फोन वळवताना आठवत नव्हतं. मी सगळ्यांना सांगितलं होतं, वेगळं वागवू नका. त्यांनी ते मनापासून पाळलं होतं.

“पराग आत बसलाय,” मी म्हटलं. “त्याला नाव हवंय. जाऊन सांगा.”

“कोणाचं?”

“ते तुम्ही ठरवा. पण तुम्ही आतल्याचं नाव सांगितलंत तर संध्याकाळपर्यंत सगळ्या बाजारात होईल, की रेडिओवाल्यांनी बहिरा ठेवला म्हणून असं झालं. मग ही नोकरी त्याला इथंच नाही, कुठेच मिळणार नाही.”

तुषारभाईंनी रुमालानं मान पुसली. कांतिभाईंच्या कुटुंबाची आणखी दोन दुकानं त्यांचीच गिऱ्हाइकं होती. ते आत गेले. मी दाराशी उभी राहिले.

“फोन माझा होता,” ते परागला म्हणाले. “मी जागेवर नव्हतो आणि कोणी उचलणार नाही अशा ठिकाणी वळवून गेलो होतो. काकांनी पहिली जाहिरात माझ्याकडून घेतली होती. काकींना कोणत्या तोंडानं भेटू ते मला कळत नाही.”

पराग उठून उभा राहिला. मग म्हणाला, “भेटू नका,” आणि अनवाणीच खाली गेला. त्या तिन्ही दुकानांची जाहिरात आमच्याकडे पुन्हा कधी आली नाही.

मुंबईला कळवणं भाग होतं. तिथल्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि थंडपणे म्हणाल्या, “त्याची उमेदवारी सहा महिने वाढवा. मासिकातला फोटोही तूर्त थांबवू. वातावरण निवळू दे.”

“चूक त्याची नव्हती.”

“हो, पण लोकांना कसं दिसतं तेही बघावं लागतं.”

“सकाळी कळवते,” मी म्हणाले आणि फोन ठेवला.

हेतल रोज संध्याकाळी त्याला न्यायला स्कूटरवर येई, कारण पादऱ्याची बस भरलेली असे. त्या संध्याकाळी मी तिच्यामार्फत जिग्नेशला सगळं सांगितलं. फोन वाजत होता, कोणाचा होता, घरात काय झालं. त्याचा चेहरा उतरला. त्यानं हातांनी काहीतरी विचारलं.

“तो विचारतो, काकींना कळलं का, की फोन त्याच्याजवळ वाजत होता?”

“नाही. कळणार नाही.”

त्यानं पुन्हा विचारलं. हेतल म्हणाली, “नोकरी राहील का?”

“बघते,” मी म्हटलं. तेच, सगळे सांगतात तसं.

या नोकरीत मी नंतर आणखी काही वर्षं काढली. ऐकू न येणारा दुसरा माणूस मला कुठल्याच जागेवर नेमता आला नाही. प्रयत्न केले, कधी मुंबईनं अडवलं, कधी उमेदवारच पहिल्या फेरीत गळाले. फोटो शेवटपर्यंत छापून आला नाही. पोस्टर मात्र दरवर्षी नवं येत राहिलं, आणि मी ते लावत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ऑफिसात सगळ्यांच्या आधी पोचले. फायलीतून पत्र काढलं, त्यावर सही केली, शिक्का मारला आणि मुंबईला प्रत पाठवून दिली. ओळ एकच लिहिली, की नेमणूक स्टेशनच्या अधिकारात येते आणि ती केली आहे. मग जिग्नेशच्या खोलीत जाऊन टेबलावरचा फोन उचलायला लागले. तेवढ्यात तो आला. मी काय करते आहे ते पाहून त्यानं फोनवर तळहात ठेवला आणि दुसऱ्या हातानं पॅड ओढलं. लिहिलं, ‘सगळ्यांच्या टेबलावर आहे. माझ्या टेबलावरचाही राहू दे. वायर काढा.’

मी गुडघ्यांवर बसून टेबलाखालची वायर काढली.